बुडखे बाहेर, शेंडे आत

फाल्गुनातल्या संध्याकाळी सोडलेल्या कडब्याच्या पेंढीला एक वास येतो — दिवसभर उन्हात तापलेल्या गुळाच्या ढेपेसारखा गोड, त्यात वाळक्या पानांची धूळ, आणि कुठेतरी खोल, मातीचा गारवा... माझं सोलापुरात गाद्यांचं दुकान आहे. कापूस, काथ्या, फोम, स्प्रिंग, सगळं मी स्वतःच्या हातांनी दाबून पाहिलं आहे. पण अंथरूण म्हटलं की आजही माझ्या नाकाशी आधी तोच वास येतो. गिऱ्हाइकं विचारतात, हा धंदा कुठं शिकलात? मी सांगते, माळावर. त्यांना ती थट्टा वाटते.

आमचं गाव माढ्यापासून चार कोसांवर. शिमगा झाला, ज्वारीची काढणी उरकली, की गावातले सहा-सात जण कुत्री आणि जाळी घेऊन जेऊरच्या बाजूच्या माळावर सशांच्या पारधीला जात. कायद्याची बंदी अजून यायची होती. पारधीचे म्होरके माझे चुलते, तात्या. मला नववं लागलं त्या साली आई बाळंतपणाला माहेरी गेली होती आणि मला सांभाळायला घरी कोणी नव्हतं. म्हणून दादांनी, माझ्या वडिलांनी, मला सोबत घेतलं. तात्यांचा संभा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, तोही आला. त्याच्या हाती कुत्र्यांच्या साखळ्या आल्या. माझ्या वाट्याला अंथरुणं.

माळावर निजणं ही विद्या आहे, आणि ती मला दादांनी शिकवली. ओढ्याची वाळू मऊ दिसते, पण रात्री तिच्यातून गारठा वर चढतो, बाभळीखाली काटे, लिंबाखाली मुंगळे. जागा धरायची ती बांधाच्या आडोशाला, वारा डोक्यावरून जाईल आणि सकाळचं ऊन पायांवर पडेल अशी. कडब्याच्या पेंढ्या सोडायच्या — बुडखे बाहेर, शेंडे आत, म्हणजे जाड ताटं कडेला राहतात आणि पाठीखाली नुसती पानं येतात. वर पोतं, पोत्यावर घोंगडं, निम्मं खाली, निम्मं अंगावर. बाजरीचं सरमाड चुकूनही घ्यायचं नाही, रात्रभर अंग खाजतं. आणि निजण्याआधी अंथरुणावर तळहातानं तीनदा थापटायचं. विंचू असला तर निघून जातो, नसला तर जीव निवांत होतो. दुसऱ्या दिवसापासून मला सगळं यायला लागलं. माणसं थकून येत, माझ्या अंथरुणावर अंग टाकत आणि बोलता बोलता घोरू लागत... त्या घोरण्याचा मला जो अभिमान वाटे, तो पुढे दुकानाची पाटी लावतानाही वाटला नाही.

कडबा कोणाचा? जवळच्या रानात ज्याची गंज असेल त्याचा. त्याला विचारायची रीत नव्हती. रीत होती ती परत करण्याची. पेंढीचा बंध न तोडता सोडायचा, सकाळी तोच बंध घालून पेंढी बांधायची आणि गंजीवर जशीच्या तशी लावायची. पण एका मुक्कामाला संभानं घाई केली. कोयता घेतला आणि पंचवीस-तीस पेंढ्यांचे बंध फटाफट कापून टाकले.

उजाडताच रानाचा मालक आला — वाळलेल्या हाडांचा, पांढऱ्या मिशांचा म्हातारा. त्यानं कापलेले बंध पाहिले. आमची सगळी घोंगडी गोळा केली, ढीग घातला आणि त्यावर मांडी घालून बसला.

“सुटा कडबा गंजीवर ऱ्हातोय व्हय? वावटळ आली की समदा माळावर. काय धरलंय तुमी? तीन ससं? ठिवा हितं आन् घोंगडी न्या.”

तात्यांचा पारा चढला. “कडब्याला ससं? वाटंल ते बोलू नगा.”

म्हातारा म्हणाला, “मग बसा की. मला कुटं जायाचंय.”

तात्या लाल, संभा कुत्र्यांच्या आड. मी पुढे झाले. राग मलाही आला होता. पण त्या सकाळी मला पहिल्यांदा उमगलं की राग दातांखाली धरून बोललं, तर समोरचा ऐकतो.

“बाबा, तुमचं बंध व्हतं ज्वारीच्या ताटाचं. यंदाच्या पावसात कुजलं असतं का न्हाय?”

“असतं. मग?”

“बांधावर घायपात हाय. त्याच्या वाखाचं बंध घालून देतो. दोन पावसाळं पेंडी सुटायची न्हाय. आन् रानात सांडल्याली ताटं गोळा करून चार पेंड्या वर.”

“ससं?”

“एक बी न्हाय.”

“तीनच्या खाली येत न्हाय मी.”

“बाबा, दात किती हायेत तुमचे?”

म्हातारा हसला, तेव्हा दिसलं — खाली दोन, वर एक. अर्ध्या सशावर सौदा पटला. आम्ही दुपारपर्यंत घायपाताची पानं ठेचून दोऱ्यांसाठी वाख काढला, पेंढ्या बांधल्या, गंज लावली. हातांना घायपाताची खाज सुटली होती आणि माझी छाती फुगलेली होती. जाताना म्हातारा दादांना म्हणाला, “पोरगी जपा. बाजार खाईल ही.”

आता माझं दुःख ऐका. गावी आल्यावर चिंचेखाली तात्यांनी वाटे घातले. पारधीची रीत अशी, की माणसाला एक वाटा, संभासारख्या पोराला अर्धा, आणि कुत्र्यालाही एक. मी ढीग मोजले, पुन्हा मोजले.

“तात्या, माजा?”

“पोरीला पारधीत वाटा नसतोय, शेवंते. बापाच्यात खा.”

“कुत्र्याला हाय की.”

“कुत्रं पळतंय.”

सगळे हसले. त्या रात्री मी जेवले नाही. दादा घोंगडं झटकताना म्हणाले, “पुढल्या साली अंथरूण तू घालू नगंस. बगू कोण निजतंय.”

पुढल्या साली मी गेले आणि बांधावर हाताची घडी घालून बसले. संभानं ओढ्याच्या वाळूत सगळ्यांची पथारी टाकली. चांद माथ्यावर यायच्या आत माणसं कुडकुडत वर आली. तात्या माझ्यासमोर उभे राहिले.

“घाल बाई.”

“वाटा?”

“अर्धा.”

“अर्धा संभाला. मला पुरा.”

तात्या बराच वेळ खोकत राहिले. मग म्हणाले, “पुरा.” मी उठले आणि आयुष्यातलं सगळ्यात सुंदर अंथरूण घातलं. सकाळी जाळी लागली, कुत्री सुटली, उन्हं चढली... आणि त्या वर्षी एकही ससा लागला नाही. पुढे दादा गेले, मागोमाग बंदी आली, ती यायलाच हवी होती. सशांसारखी मुकी जनावरं मारण्यात शौर्य नव्हतं, हे मला आता कळतं. पण कबूल झालेला माझा पुरा वाटा माळावरच राहिला, हे काही केल्या विसरता येत नाही. त्यातून संभा प्रत्येक लग्नात मांडवाखाली सांगत आला, की म्हाताऱ्याशी सौदा त्यानं केला. मी दोनदा पंक्तीतून उठून गेले आहे.

गेल्या महिन्यात तो दुकानात आला. पाठ धरलेली, हातात काठी, सोबत सूनबाई. त्या माळावर आता उसाचे पट्टे आहेत. कडब्याची गंज शोधूनही सापडत नाही. मी त्याला भारीतली गादी दाखवली. त्यानं घासाघीस केली, मी तसूभर हलले नाही.

“निजून तर बग,” मी म्हणाले.

संभानं काठी भिंतीला टेकवली, गादीजवळ वाकला आणि निजण्याआधी तळहातानं तिच्यावर थापटलं. एकदा, दोनदा, तीनदा.

सूनबाई म्हणाली, “मामंजी, नवी गादी हाय. विंचू कुटनं येईल?”

“सवय हाय गं,” तो आडवा होत म्हणाला. मग छताकडे पाहत — “हिनं लावल्याली. माळावरची अंथरुणं हीच घालायची. म्हाताऱ्याशी बी हीच बोलली व्हती.”

मी हिशेबाच्या टेबलाकडे तोंड फिरवलं. भाव कमी केला नाही. मागे वळून पाहिलं तेव्हा तो झोपी गेला होता, तोंड उघडं, बारीक घोरत... सूनबाई त्याला उठवायला वाकली, तसं मी तिला हातानं थांबवलं, आणि पंख्याचा वेग थोडा कमी केला.