इमर्जन्सीच्या खिडकीतली घोषणा

आमच्या ह्यांना बसस्थानकावर सगळे भोंगा म्हणतात. तोंडावर साहेब, पाठीमागे भोंगा. बावीस वर्षं काचेच्या एका खोलीत बसून ह्यांनी गाड्या पुकारल्या. कुठली गाडी, किती वाजता, कुठल्या फलाटावर, कुठेकुठे थांबणार, सगळं एका दमात. मधे घेतलेला श्वास प्रवाशाला ऐकू आला तर तो अडाणीपणा, असं ह्यांचं म्हणणं. घोषणा संपली की माइक बंद करायचे, खुर्चीत मागे रेलायचे आणि मग पोटभर हवा घ्यायचे. ते कुणाला दिसायचं नाही. मला माहीत होतं, कारण दुपारचा डबा घेऊन मीच जायचे.

खोकला सुरू होऊन नऊ दिवस झाले होते. ताप होताच. मी म्हणत होते, डॉक्टरकडे चला. हे म्हणायचे, हवा बदललीय, जाईल आपोआप. सुंठीवाचून खोकला घालवायची हौस भारी! दहाव्या दिवशी सकाळी मोजे घालायला वाकले ते वर येईचनात. पलंगाच्या काठावर दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसले, तोंड उघडं. धाकट्या दिरांना फोन केला, ते धावत गाडी घेऊन आले.

हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत शिरल्याशिरल्या काचेची एक खिडकी आहे, बोलण्यासाठी तिला मधोमध गोल भोक. पलीकडे नर्सबाई. पुढे सहासात जण. आमची पाळी येईपर्यंत हे भिंतीला टेकून होते. "काय होतंय?" असं बाईंनी विचारलं मात्र, आणि ह्यांनी काय करावं? भिंत सोडली, ताठ झाले, शर्ट खाली ओढला, पोटात हवा भरली आणि त्या भोकाशी तोंड नेऊन सुरू. नऊ दिवसांपासून खोकला आहे, संध्याकाळी ताप येतो, जिना चढताना थोडी धाप लागते, बाकी विशेष तक्रार नाही. खणखणीत! कुठे अडखळणं नाही, कुठे धाप नाही. बाईसुद्धा हसल्या. "आवाज छान आहे हो काकांचा," म्हणाल्या. बोटाला लावायचं यंत्र दुसऱ्या पेशंटकडे होतं. "बसा, आणते थोड्या वेळानं."

बोलणाऱ्याची माती विकते म्हणतात ना, तसं झालं. फक्त इथे विकायचं काहीच नव्हतं हो, जायचा होता तो जीव!

बाकावर बसल्याबरोबर ह्यांचं सगळं उसनं अवसान गळालं. खांदे वरखाली, मानेच्या शिरा दोरीसारख्या ताणलेल्या. मी उठायला लागले तर माझं मनगट धरलं. "नको." थोड्या वेळानं, "आत... नळी... घालतील."

तेव्हा मला कळलं. ह्यांच्या आधी स्थानकावरच्या त्या काचेच्या खोलीत बसणारे, ह्यांना शिकवलेले वस्ताद असेच दम लागून आत गेले होते. घशात नळी घातली, माणूस वाचला, आवाज काही परत आला नाही. मग पार्सलच्या गोदामात शिक्के मारायला बसवलं त्यांना. हे दर महिन्याला त्यांना भेटायला जायचे आणि घरी आले की जेवायचे नाहीत.

म्हणून मी बसले. रागही येत होता आणि कीवही. समोरच्या घड्याळाकडे बघत बसले. दीर गाडी लावायला गेले ते जागा शोधत फिरत होते. दहा मिनिटं झाली, वीस झाली. ह्यांची नखं आधी फिकी दिसत होती, मग जांभळट झाली. ओठही. मी हात चोळत राहिले, जणू थंडीच वाजत होती ह्यांना! मनगटावरची पकड सैल पडली. घड्याळात अर्धा तास झाला होता.

मी खिडकीशी धावले. रांगेतला एकजण म्हणाला, "अहो काकू, रांग आहे." म्हटलं, "रांग गेली खड्ड्यात!" नर्सबाईंना म्हणाले, "बाई, ह्यांचं बोलणं खोटं आहे. आवाजाचा धंदा आहे ह्यांचा. एकदाच बोलतील, दुसऱ्यांदा नाही जमणार. एक ते वीस आकडे म्हणायला लावा, लागोपाठ दोनदा."

बाई शहाण्या. वाद न घालता बाहेर आल्या. "काका, एक ते वीस म्हणा." ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की तसं कुणाकडे पाहू नये. ताठ झाले, हवा भरली. अकरापर्यंत गेले. "आता पुन्हा. लगेच." एक, दोन, ती... पुढे नुसतं तोंड हललं.

मग चाकांची खुर्ची, ढकलाढकली, पडदे. बोटाला लावलेल्या यंत्रात ऑक्सिजनचा आकडा एकाहत्तर. मास्क लावला, पण आकडा धड चढेना. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. म्हणाल्या, "नळी घालावी लागेल. काका नको म्हणतायत, पण त्यांना आता नीट समजत नाहीये. तुम्ही सांगा, पटकन." ह्यांनी मान हलवली, नाही, नाही. मग मास्क बाजूला ओढला आणि एवढंच बोलले, "भीती वाटते गं." सत्तावीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. "मलाही," म्हटलं, आणि सही केली.

सहा दिवस नळी होती. काढल्यावर आवाज म्हणजे नुसता वारा. येईल हळूहळू, डॉक्टर म्हणाले. पाच महिने झाले. काचेच्या खोलीत आता एक मुलगी बसते.

आज ना उद्या हे त्या सहीचं विचारणार म्हणून मी रोज भीत होते. परवा चहा घेताना विषय निघालाच. "एक विचारू?" कुजबुजत म्हणाले.

मी आधीच तयार होते. "सही केली, केली. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. काय बोलायचंय ते बोला."

"सहीचं नाही गं." थांबले, दम घेतला. "मी मरत होतो. तुला दिसत होतं. मग अर्धा तास... का थांबलीस?"

माझ्या तोंडाचा पट्टा मेल्यावरच बंद पडेल, असं सासूबाई म्हणायच्या. पण परवा मी दोन्ही कप उचलून आत गेले. चहा गार झाला होता, तो पुन्हा गॅसवर ठेवला.