रुमालाखालचा हात

संत्रा बाजारातल्या हमालांचा तो पुढारी. आवाज इतका बारीक की माणसं ऐकायला आपोआप पुढे सरकायची. प्रत्येक वाक्याआधी तो गमछ्याने सावकाश तोंड पुसायचा, आणि तेवढ्यात सगळा बाजार गप्प व्हायचा. मला त्या थांबण्याची चीड यायची. मी काटोलच्या बागांतून घासाघीस करत वर आलेला माणूस. आमचे सौदे रुमालाखाली, बोटांनी. तिसऱ्याला कळायचं काम नाही.

हमालांनी मजुरी वाढवून मागत काम बंद केलं, त्या दुपारी माझा भरलेला ट्रक उन्हात उभा होता. संत्री मऊ पडू लागली होती. मी त्याच्या हातावर रुमाल टाकला आणि संप मोडायचा त्याच्या एकट्याचा वेगळा भाव बोटांनी सांगितला. बाजारात हे काही नवं नव्हतं.

त्याने तोंड पुसलं. मग माझा हात तसाच धरून रुमाल उचलला.

"शेठ काही म्हणून राहिले गा. बोला शेठ, सगळ्यायले आयकू द्या."

रुमालाखालचा तो आकडा घोळक्यापुढे सांगण्यासारखा नव्हता. शेवटी पुटपुटत त्यांचीच मागणी कबूल केली.

त्याने पुन्हा तोंड पुसलं. "मांगच्यायले आयकू नाही आलं, शेठ."

मी ओरडून सांगितलं. ट्रक रिकामा झाला.

अजून तो भेटला की बारीक आवाजात काहीतरी विचारतो. आणि मी, दात खात का होईना, ऐकायला पुढे वाकतो.