कुसळांची बाजरी

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बोलायला बसलो की घसा खाकरतो, पान लावतो आणि भलतंच काही सांगतो. आजही आधी भलतंच — दुष्काळ सरला, घाटाखाली कामाला गेलेली माणसं परतू लागली. शेजारच्या आदमभाईंच्या कुटुंबाला आणायला मी बैलगाडी घेऊन ओतूरच्या पुढं गेलो आणि दाढी पाहून तिसऱ्याच माणसाला कडकडून मिठी मारली. तो घाबरून ओरडला! मागून आदमभाई म्हणाले, "राव, मी हिकडं हाय." दोन वर्षांत एवढे वाळले होते, की ओळखलंच नाही.

हसलात? हसा. पुढं हसण्यासारखं नाही.

त्यांचं घर शाकारायला मी हात लावला, पेरणीला बैल दिले. गाव म्हणालं, शेजारी असावा तर असा. आणि बियाणं? ते जाताना माझ्याकडंच ठेवून गेले होते — बाजरीची कणसं, माझ्या गोठ्यात आढ्याला, धुरात टांगलेली. लांब कुसळांची बाजरी, पाखरू चोच घालायला भितं. पंचक्रोशीत फक्त त्यांच्याकडं.

ती मी खाल्ली.

उपाशी होतो? छे, पेवात ज्वारी होती. थंडीत बाजरीची भाकरी आठवली — एवढंच. बायकोपुढं कणसांची टोपली ठेवली, म्हणालो, बाजारातून आणली. आदमभाई यायच्या आधी ओतूरहून दुसरे दाणे आणले. त्यांना म्हणालो, कणसं झडायला लागली म्हणून झोडून ठेवली.

भादव्यात त्यांच्या रानात बोडकी, बिनकुसळांची कणसं निसवली. त्यांची बायको पोर पाठीशी बांधून दिवसभर माळ्यावर गोफण फिरवी, तरी निम्मं पीक पाखरांनी नेलं. आदमभाई मला म्हणाले, "दुष्काळानं बियाणंबी पालटलं, राव. तुमी जपलं, हेच लई."

मी — मान डोलावली.

तरी ते घर उभं राहिलं, ते त्यांच्या हातांनी. सुगीची पहिली कणसं अजून आमच्या दारी येतात. त्या माणसांच्या शेजारी मला राहायला मिळालं, याहून मोठं काय मिळायचं?

इथवर लिहून बायकोला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "मी खाल्ली, मी खाल्ली, काय लावलंय? कणसं चोळताना कुसळं माझ्या बोटांत शिरली व्हती. आदमभाईंकडं जाल, तेव्हा मला सोडून जाऊ नका."