परग्रहवाले पाचव्या मजल्यावरून येतात

आमच्या पार्किंगमध्ये गाड्या कमी आणि किस्से जास्त उभे असतात. गाड्यांना निदान सकाळी कोणीतरी बाहेर काढतं. किस्से आपले तिथेच, एकावर एक. त्यातले थोडे आज हलवते, म्हणजे नव्यांना जागा होईल.

शनिवार पेठेतली आमची पाच मजली बिल्डिंग. रोज संध्याकाळी सहाला खाली प्लॅस्टिकच्या चार खुर्च्या पडतात. एक तळमजल्यावरच्या दामले काकांची. खडकीला दारूगोळा कारखान्यात नोकरी करून रिटायर झालेले. दुसरी तांबे सरांची, शाळेत इतिहास शिकवायचे आणि अजूनही थांबलेले नाहीत. तिसरी प्राचीची, अकोल्याहून आयटीत आलेली, तिसऱ्या मजल्यावरची भाडेकरू. चौथी माझी. मी दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे ना जमिनीवर ना आकाशात.

काकू गेल्यापासून दामले काका एकटे. एकदा बोलता बोलता म्हणाले, "सहा वाजले की घर खायला उठतं हो." त्यानंतर आम्ही कोणी सहाची वेळ चुकवली नाही. अर्थात असं बोलून दाखवायची आमच्याकडे पद्धत नाही. आम्ही वारा खायला बसतो. पार्किंगमध्ये!

* * *

सुरुवात प्राचीने केली. "काका, मले एक सांगा. तुम्ही दारूगोळ्यात होते ना? उद्या परग्रहावरून हल्ला झाला तर आपण जिंकू काय?"

दुसरा कोणी असता तर हसला असता. काकांनी विचार करायला दोन दिवस मागून घेतले!

तिसऱ्या दिवशी खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "हरणार."

"काहून?"

"गुरुत्वाकर्षण! ते वर, आपण खाली. त्यांनी नुसता दगड सोडला तरी तो येता येता वेग घेतो. आपल्याला साधा खिळा वर पाठवायचा तर खाली टाकीभर इंधन जाळावं लागतं. हा काय सामना झाला?"

तांबे सरांना पृथ्वीचा पराभव इतक्या लवकर मान्य नव्हता. "मग दामले, तुम्ही खडकीत इतकी वर्षं बनवत काय होतात?"

"खाली पडणाऱ्याच गोष्टी!" काका म्हणाले.

* * *

दुसऱ्या दिवशी सर तयारीनिशी आले. मुद्दा असा, की लांबून आलेल्या सैन्याचं पोट नेहमी मागे राहतं. परग्रहवाल्यांना खाणं-पिणं, सुटे भाग, सगळं बरोबर आणायचं. आपल्याकडे अख्खा ग्रह आहे. लपायला जमीन आहे, प्यायला पाणी आहे, आणि माणसं तर नको तेवढी आहेत.

"पण सर, त्यांना वरून सगळं दिसते ना," प्राची म्हणाली. "लपणार कुठं?"

"दिसून काय उपयोग? मोबाईलवर नकाशा उघडून आलेला माणूस कसब्यात फिरून फिरून त्याच मारुतीपाशी येतो. यांना कोण पत्ता सांगणार आहे?"

"विचारतील ना कोणाला तरी."

"विचारू देत!" सर खुर्चीत मागे रेलले. "आधी 'कोणाकडे जायचंय' ते सांगावं लागेल. मग 'त्यांनी बोलावलंय का' ते. मग 'फोन करून यायचं ना' हे ऐकावं लागेल. अर्धं सैन्य तिथूनच परत जाईल."

* * *

आम्ही हे सगळं मजेत बोलत होतो, कारण परग्रहवाले यायला अजून अवकाश होता. सोसायटीचे नवे सेक्रेटरी मात्र आलेले होते. पटवर्धन. पाचवा मजला.

पदावर आल्या आल्या त्यांना साक्षात्कार झाला, की पार्किंग हे गाड्यांसाठी असतं. बोर्डावर सूचना लागली, "पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून बसण्यास मनाई आहे." आम्ही ती वाचली, शुद्धलेखन बरं असल्याबद्दल सरांनी समाधान व्यक्त केलं, आणि आम्ही बसलो.

मग त्यांनी वरून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. चार खुर्च्या, चार डोकी, आणि मध्यभागी सरांचं टक्कल, पौर्णिमेसारखं. खाली लिहिलं होतं, "संबंधितांनी खुलासा करावा."

"बघा, उपग्रह!" काका हळहळले. "मी म्हणत नव्हतो? वर असला की टेहळणी फुकट."

सरांनी चष्मा पुसला आणि तिथल्या तिथे उत्तर टाईप केलं. "फोटो उत्तम आला आहे. कृपया मोठ्या साईझमध्ये पाठवावा."

* * *

मग मारा सुरू झाला. पटवर्धनांना बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालायची बरोबर सहाला आठवण होऊ लागली. सोसायटीत बागेची इतकी आवड कोणी दाखवली नव्हती! खुर्च्या पार्किंगच्या तोंडाशी असायच्या, तिथे धार. आत सरकवल्या तर उकडायचं, आणि डासांची सभा आधीच भरलेली असायची.

सर भिजले, पण काकांचा चेहरा खुलला. "पाहिलंत? नेम धरायला नको, खर्च नको. नुसतं सोडायचं!"

"तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने आहात, दामले?" सरांनी शर्ट पिळत विचारलं. मग आवाज खाली आणला. "ऐका. पाण्याच्या पंपाचं बटण कुठे आहे?"

बटण तळमजल्यावर, मीटरच्या खोलीत. बिल्डिंग झाल्यापासून रोज सकाळी ते काका दाबतात. तळमजल्यावर राहतात म्हणून हे काम त्यांचं, असं कोणी कधी ठरवलेलं नाही. वरच्या टाकीत पाणी चढतं ते त्यांच्या बोटाने.

"एक दिवस दाबू नका," सर म्हणाले. "पाचवा मजला दुपारपर्यंत शरण येईल. इतिहासात वेढा असाच घालतात."

दामले काका चिडलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. "पाणी तोडायचं नसतं, तांबे! वर म्हातारं माणूस आहे. खडकीत जन्मभर बॉम्बचे खोके भरले मी, पण कोणाचं पाणी नाही तोडलं."

सर गप्प झाले. इतिहासात हेही पहिल्यांदाच घडलं असेल.

* * *

ते म्हातारं माणूस म्हणजे पटवर्धनांच्या आई, माई. गुडघे गेलेले, आणि लिफ्ट आमची दुरुस्तीचा बोर्ड लावण्यापुरतीच बसवलेली. त्यामुळे माई कित्येक महिन्यांत खाली उतरल्या नव्हत्या. संध्याकाळी भाजीवाला आला की त्यांची पिशवी दोरीने खाली यायची. काका उठायचे, भाजी निवडून पिशवीत घालायचे आणि दोरीला झटका द्यायचे. मग वरून निकाल यायचा.

"दामले! मेथी जून आहे!"

"बदलतो, माई!"

प्राचीने एकदा ही पिशवी निरखून पाहिली. "सर, ही त्यांची रसदच झाली ना? अन् ती तर आपल्या हातात हाय! तोडा ना बाप्पा!"

सरांनी आशेने काकांकडे पाहिलं. काका भाजीवाल्याशी कोवळ्या मेथीवरून वाद घालण्यात गुंतले होते.

* * *

आणि मग तो दिवस आला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये खुर्च्या हटवायचा ठराव झाला. आम्ही तिघं विरोधात, प्राचीला भाडेकरू म्हणून मत नाही, बाकीचे सगळे बाजूने, कारण त्यांना लवकर घरी जायचं होतं. संध्याकाळी खाली आले तर खुर्च्या नाहीत. चारही उचलून गच्चीवरच्या खोलीत टाकलेल्या, वर कुलूप.

आम्ही भिंतीशी उभे राहिलो. प्राची उगाच मोबाईल चाळत होती.

"बरं झालं," काका म्हणाले. "मलाही घरात जरा कामं होती."

कसली कामं? एकट्या माणसाच्या घरात काय पसारा असतो? ते दारापाशी गेले, किल्ली काढली, कुलपाला लावली आणि तसेच उभे राहिले. माझा अगदी जीव तुटला.

इतक्यात वरून आवाज आला. "दामले! बाजूला व्हा!"

वर पाहिलं तर दोरी येत होती. दोरीला पिशवी नव्हती, खुर्ची होती! गरगर फिरत, चौथ्या मजल्याचा आणि नंतर माझा गज वाजवत, माझ्या दांडीवरची साडी ओढत ती काकांच्या पुढ्यात येऊन टेकली.

"ती माझी आहे!" माई वरून ओरडल्या. "कोणी बसू नका. मी उतरतेय!"

मग जिन्यात पावलं वाजायला लागली. एक पायरी, थांबा. एक पायरी, थांबा. मागे पटवर्धनांचा रडवेला आवाज, "आई, अगं डॉक्टरांनी काय सांगितलंय? अगं कठडा धर!" काका धावत जिन्याशी गेले आणि हात पुढे करून उभे राहिले.

माई आल्या, बसल्या, पदराने घाम टिपला. श्वास जागेवर यायला चांगला वेळ लागला.

"हं, बोला," त्या म्हणाल्या. "इतके महिने वरून ऐकतेय. तुम्ही निकाल न लावताच उठता. शेवटी जिंकतं कोण?"

"वर असतो तो, माई," काका म्हणाले.

"डोंबल! वरून दिसतं सगळं, ऐकूही येतं. बोलायला कोण असतं हो तिथे?"

माईंनी मान वळवून लेकाकडे पाहिलं.

"तू काय उभा राहिलायस? गच्चीतून यांच्या खुर्च्या आण. आणि आधी चहा टाक पाच कप. जिन्याने आणू नकोस, तू वेंधळा आहेस, सांडशील. थर्मास पिशवीत घालून सोड."

सेक्रेटरी पाच मजले चढून गेले. थोड्या वेळाने बाल्कनीतून पिशवी निघाली, हेलकावे खात. दामले काका बरोबर तिच्याखाली दोन्ही हात पसरून उभे राहिले आणि वर पाहून ओरडले,

"सावकाश सोडा, पटवर्धन! गुरुत्वाकर्षण आहे!"