कांबळे डॉक्टरांचा मोठा कार्ब्युरेटर

“मेस्त्री, हा बसवा,” म्हणत कांबळे डॉक्टरांनी कार्ब्युरेटर माझ्या पुढ्यात ठेवला. गाडी शंभर सीसीची आणि कार्ब्युरेटर दीडशे सीसीचा. शिरोली एमआयडीसीतल्या कुणा दोस्तानं तो मिळवून दिला होता आणि वर छातीठोकपणे सांगितलं होतं, की हा लावला की घाट म्हणजे सपाट रस्ता.

कार्ब्युरेटर म्हणजे इंजिनाचा वाढपी. हवा आणि पेट्रोल ठरल्या प्रमाणात मिसळून तो आत वाढतो. वाढपी धिप्पाड आणला म्हणून जेवणाऱ्याचं पोट मोठं होत नाही, हे सांगून सांगून मी थकलो होतो. पण तेव्हा, नव्वदच्या दशकात, कोल्हापुरात कंपनीनं दिली तशी गाडी चालवणं कमीपणाचं समजत.

डॉक्टरांचं तसं नव्हतं. ते गुरांचे डॉक्टर. खरं तर दूध संस्थेचे सुपरवायझर, पण चंदगडच्या वाड्यांत त्यांना सगळे डॉक्टरच म्हणायचे. कॅरिअरला गोठवलेलं वीर्य ठेवायचा नायट्रोजनचा जड कॅन बांधून ते गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाला जायचे. जनावर माजावर येतं ते काही तासांपुरतं. ती वेळ हुकली की तीन आठवडे थांबा, आणि घरातलं दूध तेवढं लांबलं. त्या पावसाळ्यात गाडी चढावर मान टाकायची आणि डॉक्टर उशिरा पोचायचे. अजून एकदा हुकलं तर दुसरा माणूस बघू, असं चेअरमननी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. जीव लावून काम करणाऱ्या माणसाचं नाव गाडीपायी खराब होतंय, याचं मला वाईट वाटत होतं. पण वाईट वाटलं म्हणून चुकीचा पार्ट बसवत नाहीत.

मी प्लग काढून बघितला. काळाकुट्ट. म्हणजे इंजिनाला पेट्रोल जास्त आणि हवा कमी. मोठा कार्ब्युरेटर लावला तर काजळी अजून वाढणार. आधीच्या खेपेलाही प्लग असाच होता. तेव्हा मी सगळं साफ करून, गॅरेजमालकांच्या जाडजूड मेव्हण्याला मागं बसवून गाडी पन्हाळ्याला नेली होती. तिनं कुरकुर न करता घाट चढला होता. मग चंदगडात जाऊन हिला काय होतं?

आमचे मालक आण्णा म्हणाले, “शंकर, गिऱ्हाईक मागतंय तर बसव की. आपलं काय जातंय?”

“आण्णा, गाडी त्यांची बंद पडंल, पर नाव आपल्या गॅरेजचं निघंल. उद्या मी यांच्यासंगं चंदगडला जातो. तितला चढ बघितल्याबिगर मी ह्याला हात लावणार न्हाय.”

“आणि गॅरेज कोण बघणार?”

“तुमी.”

आण्णांनी बराच वेळ माझा उद्धार केला आणि शेवटी रेनकोट घेऊन जा म्हणाले.

गाडीचा प्लग मी साफ केला. दूध संस्थेच्या टेम्पोतून गाडी परत गेली, तिच्याबरोबर डॉक्टर. दुसऱ्या दिवशी एसटीनं मी पोचलो, तर पाऊस नुसता कोसळत होता. डॉक्टर सकाळची एक फेरी करून आले होते. परड्यात गाडी चिखलानं माखलेली. वाकून बघितलं आणि मी बघतच राहिलो. एअर फिल्टरच्या तोंडावर, म्हणजे इंजिनाच्या नाकावरच, रेक्झिनचा तुकडा सायकलच्या ट्यूबनं करकचून आवळला होता. फटींतून जाईल तेवढ्या हवेवर गाडी सपाटीला कशीबशी चालणार. चढाला तिचा श्वास कोंडणारच.

“हे काय?”

“पाण्याचं बांधलंय. आत पाणी जातंय की. हिकडं समदीच बांधत्यात.”

“मग गॅरेजला आणली तवा कुठं हुतं?”

“आणताना सोडतो. नदीवर नेऊन घासून धुतो, मगच टेम्पोत चढवतो. असली घाण गाडी तुमच्या दारात कशी लावायची, मेस्त्री?”

मला राग आला आणि हसूही आवरेना. तेवढ्यात वरच्या वाडीतून निरोप आला की पार्वतीबाईंची गाय सकाळपासून हंबरतेय. मागच्या वेळी हुकली ती हीच गाय.

मी रेक्झिन कापून टाकलं आणि प्लग घासला. ऑईलच्या डब्याचा पत्रा कापून, वाकवून त्याची टोपी केली आणि तोंड खाली करून फिल्टरवर बसवली. वरून पाणी येणार नाही, खालून हवा जाईल. मधे मी, मागं कॅन, पुढं डॉक्टर. नेहमी गाडी बंद पडायची त्या वळणावर डॉक्टरांनी सवयीनं पाय खाली सोडला. गाडी न थांबता चढत गेली, पाय तसाच लोंबकळत राहिला. ते मोठ्यानं हसले. त्या दिवसांत त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघितलं.

गोठ्याच्या दारात पार्वतीबाई म्हणाल्या, “आज येळंवर आलासा.” डॉक्टर हातमोजे चढवून आत गेले. मला फार बरं वाटलं.

गाय गाभण राहिली. चेअरमननी दुसऱ्या माणसाचा विषय पुन्हा काढला नाही. मोठा कार्ब्युरेटर दोस्ताकडं परत गेला. कोल्हापूरला आल्यावर मी गॅरेजच्या दारावर पाटी रंगवली: ‘रिपेरीची गाडी धुऊन आणू नये.’ लोक पाटी वाचतात, हसतात, आणि गाडी धुऊनच आणतात.