मिठागरात उतरलेले घाईचे लोक

माझी मुलगी बेंगळुरूला नोकरी करते. मी तिला फोनवर बोलून निरोप पाठवते, आणि ते जरा लांबतात. गेल्या वर्षी ती सुट्टीला नायगावला आली, तेव्हा एका सकाळी स्वयंपाकघरात चहा गाळताना ती माझाच एक जुना, ऐकायचा राहून गेलेला निरोप ऐकत होती. आवाज माझा होता, पण मी अशी कधी बोलत नाही. कानाशी डास गुणगुणावा तशी मी दुधाचे भाव, शेजारणीचं ऑपरेशन आणि गच्चीची गळती एका दमात सांगत होते.

"हे काय लावलंयस?" मी विचारलं.

"दुप्पट वेगाने ऐकते गं. सगळेच ऐकतात. त्याशिवाय तुझं संपतच नाही."

मला खरं तर राग यायला हवा होता. पण ती गुणगुण ऐकून मला एकदम एक गोष्ट आठवली. इतक्या वर्षांत तिची आठवणही झाली नव्हती. मी तिथेच स्टुलावर बसले आणि लेकीला सांगायला लागले.

एका मिठागरात आकाशातून काचेचा गोळा पडतो. मोसंबीएवढा. मिठागरात काम करणारा एक माणूस तो उचलून बांधावर ठेवतो आणि कान लावतो. आत गुणगुण ऐकू येते. आत माणसं असतात, मोहरीहून बारीक, आणि त्यांचं अख्खं आयुष्य आपली पापणी लवेपर्यंत संपतं. बाहेरचा माणूस त्यांना डोंगर वाटतो, कारण तो हलताना कुणालाच दिसत नाही. 'डोंगर हलतो, असं आजोबा म्हणायचे.' हे वाक्य मला जसंच्या तसं पाठ होतं. मग तो माणूस गोळ्याशी तोंड नेऊन एक शब्द बोलतो. तो शब्द त्यांना इतका सावकाश ऐकू येतो, की पहिलं अक्षर बाप ऐकतो आणि मुलाला सांगून मरतो, पुढचं मुलगा ऐकतो आणि नातवाला सांगतो.

"भारी!" लेक म्हणाली. "आणि शब्द काय असतो?"

मी सांगायला गेले, तर शब्द आठवेना.

"कुणाची गोष्ट आहे?"

तेही आठवेना. मात्र पान डोळ्यांपुढे होतं. पिवळट कागद, डाव्या कोपऱ्यात काचेच्या गोळ्याचं चित्र. मी ती गोष्ट लहानपणी पापडी गावातल्या माहेरच्या घरी स्वतः वाचली होती, याबद्दल मला जराही शंका नव्हती.

लेकीने लगेच फोनमधल्या त्या सर्वज्ञ यंत्राला विचारलं. त्याने कथेचं नाव सांगितलं, लेखक सांगितला, वरून कथेचा सारांशही दिला. आम्ही दोघी खूश झालो. संध्याकाळपर्यंत शोधलं तेव्हा कळलं, की अशी कथा नाही आणि असा लेखकही जन्माला आलेला नाही. पुन्हा विचारलं तर त्याने नम्रपणे माफी मागून दुसराच लेखक दिला. तोही नव्हता.

लेक परत गेली, पण मी अडकले. माझं औषधांचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा मी तोच शब्द शोधत बसायची. 'या' असेल का? 'कोण' असेल? खोकल्याची बाटली मागणाऱ्याला मी एकदा गुडघ्याचं मलम दिलं, तेव्हा ठरवलं की आता कुणाला तरी विचारायलाच हवं.

पहिला फोन दादाला केला. दादा पापडीच्या आमच्या घरीच राहतो, वाडी बघतो. त्याला गोष्ट सांगितली तर तो म्हणाला, "हो, माहीत आहे की! विहिरीतल्या माणसांची."

"विहिरीतल्या नाही, मिठागरातल्या."

"मिठागर कुठून आणलंस? तो गोळा विहिरीत पडतो. आणि कुणी तरी विहिरीत वाकून ओरडतो, तर त्या आवाजाने त्यांचं अख्खं राज्य बुडतं. मला चांगलं आठवतंय. मी रेडिओवर ऐकलीय."

"मी वाचलीय, दादा. चित्र होतं."

"रेडिओवर," दादा म्हणाला, आणि विषय संपवायचा असला की करतो तसं त्याने केळीच्या घडांबद्दल बोलायला सुरुवात केली.

मग मी जुन्या मराठी पुस्तकांच्या एका गटात लिहिलं. फोनवरचा गट, शेकडो माणसं, त्यातल्या एकालाही मी प्रत्यक्ष भेटलेले नाही. मी गोष्ट मांडली आणि विचारलं, कुणाला ठाऊक आहे का? उत्तरांचा पाऊस पडला. एकाने लिहिलं की ही मुळात लोककथा आहे आणि त्यात मुंग्या असतात. दुसऱ्याने लिहिलं की लोककथा नाही, आणि मुंग्या तर मुळीच नाहीत. त्यांची दोन दिवस जुंपली. एका बाईंनी लिहिलं, "मलाही हीच गोष्ट हवी आहे, सापडली की कळवा." एकाने जुनी पुस्तकं विकायला काढल्याची जाहिरात चिकटवली. रोज सकाळी फुलांची चित्रं पाठवणाऱ्या काकांनी फुलं पाठवली.

भांडण निवल्यावर विरारच्या एका गृहस्थांचा निरोप आला. "ताई, अशी कथा माझ्याकडे असावी असं वाटतं. मी जुने दिवाळी अंक जमवतो. पण तिच्यात मिठागर नाही. शोधून कळवतो."

आठवड्याने त्यांनी पानांचे फोटो पाठवले. कुठल्याशा छोट्या, कधीच बंद पडलेल्या अंकातली कथा होती, 'क्षणजीवींचे आगमन'. लेखकाचं नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं, त्या गृहस्थांनीही त्याचं दुसरं काही वाचलेलं नव्हतं. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि चष्मा लावून वाचायला बसले.

कथेत एक प्राध्यापक होता. वेधशाळा होती. गोळा होता, पण टेबलावर. सगळे लोक 'तद्वतच' आणि 'किंबहुना' म्हणत बोलत होते. मी हिरमुसून पान सरकवत होते, आणि तिसऱ्या पानाच्या मध्यावर ते दिसलं. 'डोंगर हलतो, असं आजोबा म्हणायचे.' अक्षरन् अक्षर तेच. मी दुकानात एकटीच मोठ्याने हसले.

पण पुढे वाचलं तर शब्दबिब्द काही नव्हता. प्राध्यापक तोंडच उघडत नाही. तो चार दिवस गावाला जातो, परत येतो तर गोळा शांत असतो. गुणगुण थांबलेली. संपली कथा. कुठेही चित्र नव्हतं. मिठागर नव्हतं, विहीरही नव्हती.

म्हणजे गोष्ट सापडली होती आणि सापडलीही नव्हती. मी दादाला ती वाचून दाखवली. तो आधी हसला. मग म्हणाला, "किंबहुना! अगं, घरात हे कोण बोलायचं? आत्या. आपण चिडवायचो तिला."

आमची आत्या सांडोरला राहते. प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. लग्न केलं नाही. आता ऐंशीच्या पुढे आहे, कानाने धड आहे, गुडघ्याने नाही. तिच्याकडे दिवाळी अंक यायचे, हे मला आठवत होतं. पण तिला विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, कारण मी गोष्ट स्वतः वाचली होती ना!

रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर मी आणि दादा तिच्याकडे गेलो. ती पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मी फोनवरून कथा वाचायला लागले, तर दुसऱ्याच परिच्छेदाला तिने हात वर केला.

"ही होय? किती रटाळ होती ती! तुला कांजण्या आल्या होत्या तेव्हा वाचून दाखवली मी."

"मी स्वतः वाचली ना, आत्या?"

"तुझे डोळे सुजून मिटलेले होते. तू काय वाचणार?"

"मग ते चित्र?"

"चित्र कसलं? माझा काचेचा पेपरवेट होता, तो तुझ्या उशाशी ठेवला होता. तू बोटांनी चाचपत राहायचीस. म्हटलं, निदान अंग तरी खाजवणार नाही."

इतकी वर्षं डोळ्यांपुढे असलेलं ते पान माझ्या समोरच विरघळून गेलं आणि त्या जागी एक गार, गुळगुळीत काच आली. गंमत म्हणजे वाईट वाटलं नाही.

"आणि मिठागर?" मी विचारलं.

"वेधशाळा तुला काय कळणार होती? मिठागर तू रोज बघत होतीस." शेंगा सोलत ती आमच्या घरच्या बोलीत सांगत होती. "आणि शेवटी सगळे मरतात, हे तापाने फणफणलेल्या पोरीला सांगू? त्या प्राध्यापकाला मी काढूनच टाकलं. डोंगरवाला आजोबा तेवढा बरा होता, तो ठेवला."

"आत्या, शब्द काय होता? तो माणूस गोळ्याला काय म्हणतो?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं वर्गातल्या सगळ्यात मठ्ठ मुलीकडे पाहत असेल.

"रोज वेगळा. तू औषध थुंकायचीस. म्हणून एक दिवस तो म्हणायचा 'पी'. एक दिवस 'गिळ'. पेज खात नव्हतीस तेव्हा 'जेव'. तू म्हणायचीस, त्यांचा शब्द ऐकून होईपर्यंत मी थांबते. मी म्हणायची, तुझा घोट होईपर्यंत तिकडे नातू म्हातारा झाला, लवकर पी. आणि तू प्यायचीस."

दादा गुडघ्यावर थाप मारून हसायला लागला. "औषधवाली बाई! अशी फसवून औषधं पाजली तुला."

"तू हसू नकोस," आत्या त्याच्याकडे वळली. "तुझ्यासाठी विहीर घातली मी. तू दिवसभर कठड्यावर पालथा पडून आत ओरडत बसायचास, आवाज घुमतो म्हणून. तुझ्या आईचा जीव टांगणीला. मी सांगितलं, आत माणसं आहेत, तुझ्या एका ओरडण्यात त्यांचं राज्य बुडतं. महिनाभर तू विहिरीजवळून चवड्यांवर चालायचास."

"ते रेडिओवर ऐकलं होतं मी," दादा पुटपुटला, पण त्यात काही जोर नव्हता.

घरी आल्यावर मी विरारच्या त्या गृहस्थांना सगळं सविस्तर बोलून पाठवलं. निरोप चांगलाच लांबला. त्यांचं उत्तर आलं, "साध्या वेगाने ऐकला. तुमच्या आत्याबाईंना भेटता येईल का? अंक घेऊन येतो."

ते पुढच्याच रविवारी आत्याकडे आले. किडकिडीत, इस्त्रीचा शर्ट, अंक प्लास्टिकच्या पिशवीत आणि ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. आत्याने सांगितलं, म्हणून त्यांनी कथा शेवटापर्यंत वाचून दाखवली. वाचन झाल्यावर ते म्हणाले, "तरुणपणापासून मी ही किती तरी वेळा वाचली आहे. शेवट आला, की दर वेळी अंक मिटून ठेवून देतो. पण तुमचा शेवट ऐकून वाटलं, माझ्या प्रतीत पानंच कमी आहेत की काय."

आत्याने त्यांना निरखून पाहिलं. "जेवता कुठे तुम्ही?"

ते गडबडले. "डबा येतो. मी एकटाच असतो आता. मंडळी गेल्यापासून."

"कसा असतो?"

"डबा? असतो. ठीक असतो."

आत्याने शेंगांची परात बाजूला सारली आणि गोष्ट सुरू केली. या खेपेला तो गोळा विरारच्या एका इमारतीत, वरच्या मजल्यावर, स्टीलच्या डब्यात पडला होता. तळाच्या खणात, डाळीत. आतल्या लोकांच्या सात पिढ्या त्या डाळीत मिठाचा खडा शोधत फिरल्या. मोहिमा निघाल्या, वीर कामी आले, मीठ काही सापडलं नाही. शेवटी त्यांच्या राणीने ठरवलं की हा देश राहण्यालायक नाही, आणि झाकण उघडायची वाट बघत सगळी प्रजा काठावर येऊन बसली. गृहस्थ आधी नुसते हसले, मग त्यांनी चष्मा काढला, मग त्यांना ठसका लागला आणि दादाला उठून पाणी आणावं लागलं.

"पुढे काय झालं?" दादाने विचारलं. तोही पुढे सरकून बसला होता.

"पुढे आधी जेवण," आत्या म्हणाली.

बोय माशांचं कालवण होतं, तांदळाची भाकरी होती. गृहस्थांनी दोनदा भात मागून घेतला. निघताना आत्याने त्यांच्या दोन पिशव्यांत तिसरी घातली, सुकेळ्यांची, घरच्या वाळवलेल्या केळ्यांची.

आता ते दर रविवारी येतात. येताना एक अंक आणतात, कथा वाचून दाखवतात, आणि आत्या तिचा शेवट बदलते. ते लेखकाच्या बाजूने भांडतात. मुळाला हात लावू नये, असं त्यांचं म्हणणं. दादा कुणाच्याच बाजूने नसतो, तो नुसता भर घालतो. मी दुकान लवकर बंद करून जेवणापर्यंत पोचते आणि राहिलेलं ऐकून घेते. गेल्या रविवारी एका भयकथेतल्या भुताचं आत्याने शेजारच्या वाड्यातल्या हडळीशी लग्न लावून दिलं. गृहस्थ फार नाराज झाले. ते म्हणाले, भूत ब्रह्मचारी होतं, कथेत तसं स्पष्ट लिहिलं आहे. आत्या म्हणाली, "म्हणूनच तर लोकांच्या मानगुटीवर बसत होतं!" त्यावर त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.