उन्हात वाळणारी घडी

आमच्या घरात कापड कधी जुनं होऊन सुटत नसे. आईचं लुगडं फाटलं की दंड घालून पुन्हा लुगडं, मग त्याची वाकळ, शेवटी पोतेरं. पाळीसाठी आई आणि आम्ही दोघी बहिणी मिळून मोजकी फडकी. आम्हा बहिणींची पाळी एकदम आली की मी घरी बसायची. मग चार-चार दिवस शाळा बुडायची. तरी बी.ए. झाले. घराण्यात पहिली. हे मी आजही मान वर करून सांगते.

नव्वदनंतर काष्टीकडच्या एका शाळेत नोकरी लागली. तोवर आई गेली होती, बहीण सासरी होती. भाड्याच्या खोलीत संध्याकाळी बोलायला कुणी नसे. हजेरी घेताना नववीच्या मुली दर महिन्याला तीन-चार दिवस गायब दिसायच्या. कारण मला कुणी सांगायला नको होतं. जुनं शिलाई मशीन घेतलं, बाजारातून सुती कटपीस आणले आणि आठ-आठ पदरी पट्ट्या शिवून मुलींना फुकट वाटल्या. शेजारणी म्हणायच्या, "एवढी शिकली अन् चिंध्या शिवती." मग मी दार लावून शिवायला लागले.

पुढच्या महिन्यात हजेरी तशीच. मला मुलींचाच राग आला. शेवटी एक मुलगी तिची पट्टी कागदात गुंडाळून खोलीवर परत घेऊन आली.

"बाई, लई जाड हाय. वाळतच न्हाई. आमी परकराखाली लपवून वाळत घालतो, तिथं ऊन कुठलं?"

मी स्वतः कितीतरी वर्षं आईच्या लुगड्याखाली फडकी वाळवली होती. ओलसरच वापरली होती. शिकता शिकता नेमकं तेच विसरले.

तिच्या पट्टीची सगळी शिवण उसवली. चौकडीच्या कापडाचे एकपदरी चौकोन केले, बांधायचे बंद वेगळे. घडी घातली की जाड, उलगडलं की साधं फडकं. उघड्यावर दोरीवर टाकलं तरी कुणाला कळू नये असं.

ती म्हणाली, "अन् आईनं ह्यात भाकरी बांधली तर?"

आम्ही दोघीही हसलो. त्या खोलीत दुसऱ्या कुणाचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकत होते. मग प्रत्येक फडक्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचा खुणेचा एक टाका घातला.

ती गेल्यावर खोली पुन्हा तशीच झाली. मी शिवत राहिले, मुलींना वाटत राहिले.

वर्षाअखेरीस हजेरीपट पाहिला. नववीची एकही मुलगी आता पाळीपायी घरी बसत नव्हती.